तळहातातलं वारं

पर्स हिसकावून एक चोर मोटरसायकलवरून सुसाट निघालाय. त्याच्यामागे सांग-ह्वान नावाचा तरुण वाहतूक पोलीस धापा टाकत पळतोय. दोघांच्या डोक्यावरून, गच्च्या आणि भिंती ओलांडत, एक मुलगी झेपा घेत चाललीय. ती हात पुढे करते. तळहातातून वाऱ्याचा लोट सुटतो आणि चोराला लागायचा तो नेमका पोलिसाला लागतो. गडी आडवा होतो. शुद्धीवर येतो तेव्हा त्याच्याभोवती पांढऱ्या केसांची काही माणसं बसलेली असतात आणि ती त्याला सांगतात, की तुझ्या अंगात प्रचंड ऊर्जा आहे, तू आमच्याकडे शीक.

‘आराहान’ नावाचा कोरियन सिनेमा असा सुरू होतो. दिग्दर्शक रयू सुंग-वान, प्रदर्शनाचं साल 2004. कोरियन भाषेत त्याचं पूर्ण नाव ‘आराहान जांगपुंग देजाक्जन’ असं आहे. त्यातला आराहान म्हणजे आपल्या ओळखीचा, बौद्ध परंपरेतला अर्हत्. जांगपुंग म्हणजे तळहातातून सोडलेला वारा, ज्याने समोरचा माणूस स्पर्शाविना उडून पडतो.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘सिद्धी आणि चमत्कार’ हा विषय सुचवला, तेव्हा बहुतेकांना नाथपंथ आठवेल, चांगदेव आठवेल. मलाही ते आठवले. पण त्याच्या आधी आठवला हा सिनेमा, कारण सिद्धी नेमकी कुणाच्या हाताला असते याचं जे उत्तर तो देतो, ते मी दुसऱ्या कुठल्या मारामारीच्या सिनेमात पाहिलेलं नाही. म्हणून सोल गाठलं.

डोक्यावरची ताटं

सिनेमात पाच म्हातारे गुरू उरले आहेत. एकेकाळी ते सात होते. त्यांचा प्रमुख जा-वून, आणि ती भूमिका आन सुंग-गी यांची. 1957 साली बालकलाकार म्हणून कॅमेऱ्यासमोर उभा राहिलेला हा नट कोरियात घराघरातला. त्यांच्या चेहऱ्यावर असा एक शांतपणा आहे, की ते काहीही अशक्य सांगू लागले तरी माणूस ऐकत राहतो. हे गुरू सांगतात, की सिद्ध पुरुष शोधायला डोंगरात जायची गरज नाही, ते याच शहरात आहेत. रोज एकच काम वर्षानुवर्षं मन लावून करणाऱ्याला तो मार्ग आपोआप सापडतो. मग पडद्यावर सोलचे साधे लोक दिसू लागतात. डोक्यावर अशक्य वाटावी अशी ओझी घेऊन गर्दीतून सरळ चालणाऱ्या बाया, उंच इमारतीच्या काचा दोरावर लटकून पुसणारी माणसं. थिएटरात इथे हशा पिकतो, कारण वर्णन अतिशयोक्त आहे. आणि हसता हसता लक्षात येतं, की हे तर आपण रोज बघतो.

नाम्देमुन बाजारात मी हेच बघायला गेले. सोलच्या दक्षिणेकडच्या जुन्या वेशीला लागून असलेला हा बाजार जोसन राजवटीपासूनचा. दहा हजारांच्या आसपास दुकानं, चष्म्यापासून लहान मुलांच्या कपड्यांपर्यंत आणि जिनसेंगपासून भांड्यांपर्यंत. गल्ल्या इतक्या चिंचोळ्या, की दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने खांदा वळवायचा. मध्ये हातगाड्या, मालाने लादलेल्या मोटरसायकली, आणि क्वचित अजूनही पाठीवर लाकडी चौकट बांधून कापडाचे गठ्ठे वाहणारा हमाल. या चौकटीला जिगे म्हणतात.

दुपारी बाराच्या सुमाराला ताटवाल्या बायका निघाल्या. दुकानदाराला दुकान सोडून जेवायला जाता येत नाही, म्हणून खानावळ त्याच्याकडे येते. जेवण पातेल्यातून किंवा डब्यातून येत नाही, मांडलेल्या ताटातून येतं. गोल ताटात भाताची वाटी, रश्शाचं उकळतं मडकं, किमची, दोन-तीन तोंडीलावणी. त्यावर वर्तमानपत्राचा किंवा प्लॅस्टिकचा कागद. त्यावर दुसरं ताट, खालच्या ताटातल्या वाट्या-मडक्यांच्या कडांवर तोललेलं. त्यावर तिसरं. अशी चार, कधी पाच.

मी एका खानावळीच्या दारात उभी राहून ही रचना होताना बघितली. साठीच्या पुढची बाई. आधी कापडाची चुंबळ डोक्यावर नीट बसवली. गुडघ्यात किंचित वाकली, दुसऱ्या बाईने ताटांची उतरंड उचलून दिली, आणि उभं राहताना मानेचा एकही स्नायू हलला नाही. एक हात ताटाच्या कडेला, तोही जेमतेम बोटं टेकवलेला. दुसरा मोकळा, लोकांना बाजूला सारायला. चालताना कमरेखालचं शरीर गर्दीप्रमाणे वळत होतं, थांबत होतं, पायरी चढत होतं. कमरेवरचं जणू वेगळ्याच माणसाचं होतं. समोरून हातगाडी आली तेव्हा ती थांबली नाही. अर्धं पाऊल तिरकं टाकलं, गाडी गेली, ती पुढे. रश्शाचा थेंब सांडला नाही.

माझ्याबरोबर सुवॉनला नोकरी करणारी एक मराठी मैत्रीण होती, कोरियन उत्तम बोलणारी. तिने त्या बाईला ‘इमो’ अशी हाक मारली. खानावळीतल्या बायकांना तिथे सगळेच मावशी म्हणतात. हे कसं जमतं, असं तिच्याकरवी विचारलं. मावशींना प्रश्न कळला, पण उत्तर द्यायचं काही सुचेना. रोजचंच तर आहे, अशा अर्थाचा हात त्यांनी हलवला आणि रिकामी ताटं गोळा करायला निघून गेल्या.

सिनेमातल्या गुरूंना जे सांगायचं आहे ते एवढंच आहे. ‘आराहान’ आला त्याच्या पुढच्याच वर्षी एसबीएस वाहिनीवर अशा कसबी माणसांना शोधून दाखवणारा एक कार्यक्रम सुरू झाला. नूडल ओढणारे, पाकिटं बांधणारे, भाजी चिरणारे लोक त्यात येतात, आणि तो वर्षानुवर्षं चालू आहे. कुणी कुणाचं पाहून केलं असं मला म्हणायचं नाही. पण त्या काळात कोरियात ही नजर हवेतच होती. 1997च्या आर्थिक अरिष्टाने असंख्य लोकांच्या नोकऱ्या गेल्या होत्या. कंपनी आयुष्यभर सांभाळेल हा भरवसा उडाला होता. अशा वेळी माणसाकडे स्वतःचं म्हणून उरतं ते हातातलं कसब.

भाड्याच्या पुस्तकांतले योद्धे

तळहातातला वारा कोरियात आला कुठून? मुळात तो चिनी युद्धकथांमधला. 1961 साली ‘क्योंगह्यांग शिन्मुन’ या दैनिकात किम ग्वांग-जू यांनी चिनी मुळावरून बेतलेली ‘जंगह्योप्जी’ ही कादंबरी क्रमशः लिहायला घेतली आणि लोकांना वेड लागलं. पाठोपाठ तैवानच्या लेखकांची भाषांतरं आली. पुढे कोरियन लेखक स्वतःच अशा कथा लिहू लागले. ही पुस्तकं विकत घ्यायची नसत. गल्लीबोळात चित्रकथा आणि कादंबऱ्या भाड्याने देणारी दुकानं होती, तिथे बसून वाचायची. शाळेला दांडी मारलेली पोरं आणि काम नसलेली मोठी माणसं तिथे दिवस काढत. या पुस्तकांतला योद्धा गुहेत पडतो, त्याला जुनं हस्तलिखित सापडतं, तो श्वास साधतो आणि एक दिवस त्याच्या तळव्यातून वारा सुटतो.

यात आणखी एक धागा आहे. 1984 साली किम जंग-बिन यांची ‘दान’ ही कादंबरी आली आणि प्रचंड खपली. नाभीखाली श्वास साठवण्याची जुनी साधना तिच्यामुळे शहरी मध्यमवर्गात एकदम लोकप्रिय झाली, वर्ग निघाले, केंद्रं निघाली. त्यातून खरे साधकही झाले आणि रस्त्यात अडवून ‘तुम्हाला ताओ ठाऊक आहे का’ असं विचारणारे भोंदूही. सोलच्या माणसाला हा प्रश्न आयुष्यात कधी ना कधी भेटलेला असतोच. त्यामुळे पडद्यावरचे म्हातारे जेव्हा पोलिसाला तुझ्यात ऊर्जा आहे म्हणतात, तेव्हा प्रेक्षक आधी सावध होतो. ही फसवणूक तर नाही? सिनेमाचा पहिला विनोद या संशयातून उभा राहतो.

पण तो विनोद त्या साधनेची चेष्टा करत नाही, आणि इथे मला या सिनेमाबद्दल मनापासून आदर वाटतो. सांग-ह्वान शिकायला येतो ते गुंडांनी बेदम चोपल्यावर. त्याला झटपट तो वारा हवाय, परतफेड करायला. सिनेमा त्याला झटपट काहीच देत नाही. बस, श्वास घे, उभा राहा, पड, पुन्हा उभा राहा. त्याच्या अधीरपणावर आपण हसतो, आणि त्या हसण्याबरोबर आपलीही समजूत बदलत जाते. चांगदेवाच्या गोष्टीतही चौदाशे वर्षांची सिद्धी एका साध्या भिंतीपुढे नमते. पोलिसाला मात्र तेवढी वर्षं नाहीत. त्याला उद्या ड्यूटीवर हजर व्हायचंय.

वायरच्या दुसऱ्या टोकाला

गच्चीवरून गच्चीवर झेप घेणारी ती मुलगी, युई-जिन, किराणा-सरबतांच्या छोट्या दुकानात काउंटरवर काम करते. भूमिका युन सो-ईची. तिची झेप आज संगणकाच्या युगातही अस्सल वाटते, कारण ती बरीचशी अस्सल आहे. शरीर खरोखर हवेत गेलंय.

हे कसं होतं ते सोलच्या बाहेर एका सरावाच्या हॉलमध्ये मला जवळून बघू दिलं. कपड्यांच्या आत कमरेला आणि मांड्यांना पट्ट्यांचा हार्नेस कसून आवळतात, इतका की पहिल्या दिवशी कातडीवर वळ उठतात. नितंबाच्या हाडापाशी दोन्ही बाजूंना कड्या. त्यांत वायर अडकवायची. वायर वर कप्प्यांवरून जाते आणि तिचं दुसरं टोक दोरात बदलून जमिनीवर येतं, तीन-चार माणसांच्या हातात. मुंबईच्या सेटवर याच कामाला केबल म्हणतात आणि ती ओढणारे वेगळे गडी असतात. इथेही तसंच.

ओढणारे दोराकडे बघत नाहीत, उडणाऱ्याच्या गुडघ्याकडे बघतात. तो गुडघा वाकला की आकडा मोजायची गरज नाही. पायाने जमीन सोडली रे सोडली की तीन माणसं एकदम मागे धावतात. ओढ क्षणभर आधी लागली, तर शरीर पोत्यासारखं उचललं जातं आणि झेप मेली. उशिरा लागली, तर धक्का बसतो, पाठ दुखावते. उतरताना तर आणखी कठीण. दोर एकदम सोडायचा नाही, हातमोज्यातून सरकू द्यायचा, आणि पाय टेकायच्या आधी वजन थोडं आपल्याकडे घ्यायचं. एक मुलगा पुन्हा पुन्हा तीच भिंत चढत होता. दर वेळी उतरल्यावर तो आधी ओढणाऱ्यांकडे वळून मान झुकवायचा, मग पुन्हा जागेवर जायचा. मान झुकवणं हा तिथला शिष्टाचार आहे हे खरं. पण ज्याचं शरीर दुसऱ्याच्या हातात आहे त्याने झुकवलेली मान बघताना माझ्या घशाशी आलं.

‘आराहान’ची मारामारी बसवली जंग दू-होंग यांनी. कोरियन सिनेमातले हे फाइट मास्टर. 1990च्या सुमारास स्टंटमन म्हणून आले, आणि 1998 साली त्यांनी सोल ॲक्शन स्कूल काढलं. तोवर स्टंटची माणसं कुणाच्या तरी ओळखीने यायची, पडायची, मोडायची, परत जायची. शिकण्याची जागा नव्हती. या शाळेत फी घेत नाहीत. साधारण सहा महिने पडण्याचं, लाथांचं, तलवारीचं, उंचीवरून उडी घेण्याचं शिक्षण. कोवळ्या उत्साहाने आलेली बहुतेक पोरं मध्येच गळतात, राहतात ती मोजकी. त्यांतलाच एक विद्यार्थी जंग ब्योंग-गिल याने 2008 साली आपल्या तुकडीवर माहितीपट केला. कोण टिकलं, कोण सोडून गेलं, कुणाच्या अंगात किती सळया घातल्यात, हे त्यात हसत-खेळत येतं, आणि मध्येच एक मृत्यू येतो. जी जुंग-ह्यन हे फाइट मास्टर 2007 साली चीनमध्ये ‘द गुड, द बॅड, द वीअर्ड’च्या चित्रीकरणाच्या काळात वाहन-अपघातात गेले. उंच उडी घेताना किंवा पेटत्या गाडीतून बाहेर पडताना नव्हे, रस्त्यावरच्या प्रवासात.

हे सगळं माहीत झाल्यावर ‘आराहान’मधला खलनायक वेगळा दिसू लागतो. हक-वून हा गुरूंपैकीच एक, शक्तीच्या जोरावर जगाला वळण लावू बघणारा म्हणून जमिनीखाली कोंडलेला. बांधकामासाठी खोदताना तो सुटतो. ही भूमिका जंग दू-होंग यांनी स्वतः केली आहे. एरवी दुसऱ्यांचे चेहरे घालून पडणारा माणूस इथे स्वतःच्या चेहऱ्याने उभा आहे. संवाद फार नाहीत. पण तो जिना उतरतो, तलवार म्यानातून काढतो, वळतो, यात एक अशी मितव्ययी नेमकेपणाची लय आहे, जी नटाला शिकवून येत नाही. गुरू ज्या सिद्धीबद्दल बोलतात, तिचा पडद्यावरचा सगळ्यात सरळ पुरावा हाच माणूस आहे.

शेवटची मारामारी लांबली आहे, हे मान्य करायला हवं. सांग-ह्वान, युई-जिन आणि हक-वून एका बंदिस्त जागेत इतका वेळ लढतात, की पहिल्या तासाभराचा खेळकरपणा विरून जातो. सांगाम-दोंगमध्ये कोरियन फिल्म अर्काइव्हचं चित्रपट-ग्रंथालय आहे, नोंदणी केली की पैसे न भरता जुने सिनेमे बघता येतात. तिथे हेडफोन लावून मी हा भाग परत लावला, फक्त पावलांकडे बघत. तेव्हा मात्र तो लांब वाटला नाही.

दोन भाऊ

सांग-ह्वानचं काम करणारा रयू सुंग-बम हा दिग्दर्शकाचा धाकटा भाऊ. आई-वडील लवकर गेले, थोरल्याने कॉलेज केलं नाही, मिळतील ती कामं केली आणि सिनेमाच्या सेटवर शिरला. 1997च्या सुमारास तो पार्क चान-वूक यांच्याकडे सहायक होता. मग जमेल तसे पैसे गोळा करत लघुपट काढले आणि चार जोडून 2000 साली ‘डाय बॅड’ हा पहिला सिनेमा केला. त्यात भावाला घेतलं. भाऊ नट नव्हता. पण त्याच्या चेहऱ्यात एक रस्त्यावरचं वेडेपण आहे, हे थोरल्याला ठाऊक होतं.

मारामारीच्या विनोदात सगळा भार त्या चेहऱ्यावर असतो. सुंग-वान जॅकी चॅनच्या सिनेमांवर वाढला, आणि जॅकीकडून त्याने मुख्य गोष्ट घेतली, ती म्हणजे दुखणं दाखवणं. वीरपुरुष मार खातो तेव्हा दात-ओठ खातो. सांग-ह्वान मार खातो तेव्हा त्याचे डोळे आधी गोल होतात, मग क्षणभर थांबून तोंड वेडंवाकडं होतं, मग ओरडणं येतं. ते मधलं थांबणं मोजकं आहे. ते जरा लांबलं तर हसू येत नाही, आखूड झालं तर दुखत नाही. सुंग-बमला हे जन्मजात येतं असं वाटतं, आणि म्हणूनच मला शंका आहे, की त्यानेही ते नाम्देमुनच्या मावशींसारखंच कुठेतरी रोज घोटलं असणार.

गुरूंमध्ये एक चेहरा किम यंग-इन यांचा आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या कोरियन मारधाडपटांतले हे जुने खेळाडू. लोक विसरलेले. सुंग-वानने त्यांना शोधून गुरूच्या आसनावर बसवलं. हा त्याचा स्वभाव आहे. त्याच्या सिनेमात जुना माणूस नुसता आठवणीसाठी येत नाही, काही तरी शिकवायला येतो.

ताईतवाला जादूगार

अशा प्रकारचा आणखी एक मोठा कोरियन सिनेमा म्हणजे चोई दोंग-हून यांचा ‘जन वू-ची’, डिसेंबर 2009मध्ये आलेला, साठ लाखांहून अधिक लोकांनी थिएटरात पाहिलेला. त्याची मुळं लोककथेत आहेत. जोसन काळातला एक उद्धट ताओवादी जादूगार राजाला गंडवतो, गरिबांना मदत करतो आणि शेवटी ह्वादाम नावाच्या विद्वानापुढे हरतो. ह्वादाम हा खराखुरा माणूस, सोळाव्या शतकातला कन्फ्युशियन तत्त्वज्ञ सो ग्योंग-दोक. त्याचं गाव कैसोंग, आज उत्तर कोरियात, सोलपासून जेमतेम साठेक किलोमीटरवर आणि तरी कुणाला सहज जाता न येणारं. सिनेमात जादूगाराला एका चित्रात कोंडतात, आणि पाचशे वर्षांनी तो आजच्या सोलमध्ये बाहेर येतो. त्याची सगळी शक्ती ताइतांत आहे, पिवळ्या कागदावर लाल शाईने लिहिलेल्या. ताईत गेला की तो साधा माणूस. कांग दोंग-वोन ही भूमिका अशा आनंदाने करतो, की बघणाऱ्याचं मन हलकं होतं. जांग यंग-ग्यू यांचं संगीत तर त्याहून सरस, जुन्या दरबारी वाद्यांना नाचायला लावणारं.

दोन्हींत जास्त देखणा ‘जन वू-ची’. पण सिद्धी तिथे जादूगाराच्या पदरात आयती पडलेली आहे, आणि ती कुठून आली याची चौकशी सिनेमा फारशी करत नाही. तो मजेदार खेळ आहे. ‘आराहान’ मला परत परत ओढतो तो या चौकशीसाठी.

म्योंगदोंगचा दुकानदार

‘आराहान’नंतर सुंग-वानने हवेत उडणारी माणसं जवळजवळ सोडून दिली. 2006च्या ‘द सिटी ऑफ व्हायोलन्स’मध्ये तो स्वतः आणि जंग दू-होंग नायक झाले, पाय जमिनीवर ठेवून. 2015च्या ‘व्हेटरन’ने एक कोटी तीस लाखांहून जास्त प्रेक्षक खेचले. त्यात धनाढ्य घराण्यातला मुलगा आणि एक पोलीस यांची शेवटची लढत म्योंगदोंगच्या भर रस्त्यात होते. म्योंगदोंग नाम्देमुन बाजारापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर. मी ते अंतर चालत गेले. सौंदर्यप्रसाधनांची दुकानं, रस्त्यावरचे खाण्याचे ठेले, संध्याकाळी पाय ठेवायला जागा नाही.

सिनेमात इथे लोकांचं कडं झालंय. पोलीस मुद्दाम मार खातोय, कारण आजूबाजूचे सगळे फोन उगारून चित्रण करतायत आणि ते चित्रणच पुढे पुरावा होणार आहे. श्रीमंत मुलगा पळायला बघतो तेव्हा गर्दीतून एक दांडगा माणूस पुढे येऊन त्याचा रस्ता अडवतो. तो गुप्त पोलीस नाही की कुठला गुरू नाही. मी इथल्या वह्या-पेन्सिलींच्या दुकानाचा मालक आहे, एवढीच तो स्वतःची ओळख सांगतो. मा दोंग-सोक या नटाची ही काही सेकंदांची भूमिका. त्या दुकानाच्या शाखा खरोखरच कोरियाभर आहेत. तो कुणालाही मारत नाही, नुसता उभा राहतो, आणि त्याला ओलांडून जायची त्या मुलाची हिंमत होत नाही.